व्हर्टस जीटी की स्लाव्हिया १.५? निपाणीच्या एका प्रश्नाला गॅरेजमधून उत्तर

प्रश्न असा आहे. निपाणीचे एक तरुण व्यापारी. घरात आई-वडील, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. आठवड्यातून दोनदा कोल्हापूर, अधूनमधून बेळगाव, आणि सुट्टी मिळाली की आजऱ्यावरून आंबोली उतरून सावंतवाडी, गोवा. त्यांना पळणारी सेडान हवी आहे आणि ती दहा वर्षं ठेवायची आहे. फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी आणि स्कोडाची स्लाव्हिया १.५ अशा दोन्ही चालवून बघितल्या आणि गोंधळ आणखी वाढला. ते लिहितात, ‘सगळे म्हणतात गाडी एकच आहे. मग व्हर्टस मला जास्त कडक का वाटली? वडील मागं बसणार, त्यांना कोणती बरी? आणि कोल्हापूरच्या मामांच्या पत्त्यावर एमएच पासिंग करून घेतलं तर चालेल का?’

मी बेळगावात उद्यमबागेला गॅरेज चालवतो आणि फोक्सवॅगन समूहाच्या गाड्या व्हेंटो-रॅपिडच्या काळापासून खोलत आलोय. त्यामुळं आधी थेट सांगतो. व्हर्टस की स्लाव्हिया हा तुमचा तिसरा प्रश्न आहे, पण तुम्ही त्यालाच पहिला करून बसलाय, म्हणून गुंता सुटत नाही. पहिला प्रश्न इंजिनाचा, १.० लिटर की १.५. दुसरा गिअरबॉक्सचा, हाताचा की डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा. हे दोन सुटले की कोणत्या शोरूमची पायरी चढायची ते बहुतेक आपोआपच ठरतं.

‘एकच आहे’ म्हणजे किती एकच, ते बघू. स्कोडा आणि फोक्सवॅगन आपल्याकडं वेगवेगळ्या शोरूममधून विकल्या जातात, पण मागं कंपनी एकच आहे. २०१८ साली समूहानं भारतासाठी शंभर कोटी युरोंचा ‘इंडिया २.०’ कार्यक्रम जाहीर केला आणि त्याची धुरा स्कोडाकडं दिली. २०१९ मध्ये इथल्या कंपन्या एकत्र करून स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडिया झाली. याच कार्यक्रमातून एमक्यूबी ए० आयएन नावाचा पाया, म्हणजे गाड्यांचा खालचा सांगाडा, तयार झाला. त्यावर २०२१ मध्ये स्कोडाची कुशाक आणि फोक्सवॅगनची टायगुन या एसयूव्ही आल्या, २०२२ च्या फेब्रुवारीअखेर स्लाव्हिया आणि जूनमध्ये व्हर्टस. चौघींचं माहेर चाकण. याआधीची व्हेंटो (२०१०) आणि रॅपिड (२०११) ही जोडीही तिथलीच, आणि ती आजही आपल्या भागात भरपूर फिरते.

उद्यमबागेत फाउंड्रीवाल्यांच्या शेजारी राहिल्यामुळं मला एकच उपमा सुचते. एका पॅटर्नवर ओतलेली दोन कास्टिंगं असावीत आणि वरचं मशीनिंग व रंगकाम दोन वेगळ्या शेडमध्ये झालेलं असावं, तशा या दोन गाड्या आहेत. शेजारी शेजारी लिफ्टवर चढवून खालून बॅटरी मारली तर कोणती कुठली हे नवीन पोरगा सांगू शकणार नाही. पुढं मॅकफर्सन स्ट्रट, मागं टॉर्शन बीम, पुढं डिस्क, मागं ड्रम. रुंदी १७५२ मिमी दोघींचीही. व्हीलबेस २६५१ मिमी दोघींचाही. डिकी ५२१ लिटर, टाकी ४५ लिटर, टायर २०५/५५ आर१६, रिकाम्या गाडीची जमिनीपासूनची उंची १७९ मिमी. सगळं सारखं. लांबी तेवढी वेगळी, स्लाव्हिया ४५४१ आणि व्हर्टस ४५६१. म्हणजे वीस मिलिमीटर, आणि तेही नाक-शेपटीच्या आकारातले. मागच्या सीटवरच्या माणसाच्या गुडघ्यापर्यंत त्यातलं काही पोचत नाही.

तुमचा विश्वास बसायला हवा म्हणून एक गोष्ट जवळून दाखवतो. पुढच्या सर्व्हिसला कुणाच्याही स्लाव्हियाचा किंवा व्हर्टसचा ऑइल फिल्टर हातात घ्या आणि त्यावरचा नंबर वाचा. सुरुवात ०४ई ११५ ५६१ अशी असते. पहिली तीन अक्षरं म्हणजे इंजिनाचं घराणं, या गाड्यांच्या टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल, इंजिनांचं ईए२११. मधलं ११५ म्हणजे तेलाच्या भागांचा गट. ५६१ म्हणजे फिल्टर. त्यापुढं एखादं-दोन अक्षरं असतात, ती सुधारणेची. समूहाच्या अस्सल भागावर बऱ्याचदा फोक्सवॅगनचं चिन्ह आणि ऑडीच्या चार कड्या शेजारी शेजारी उठवलेल्या दिसतात, मग तो भाग स्कोडातून निघालेला का असेना. हा नंबर वाचायची सवय लावून घ्या. एका काउंटरवर ‘माल नाही, आठ दिवस लागतील’ असं उत्तर मिळालं तर तोच नंबर दुसऱ्या ब्रँडच्या काउंटरवर विचारता येतो. निपाणी, चिक्कोडी, संकेश्वरकडच्या माणसाला याचा फार उपयोग आहे, कारण तुमच्या दाराशी दोन्हींपैकी कुणाचंच वर्कशॉप नाही. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव पंचाहत्तरच्या आसपास.

हे चालतं ते फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे रबर, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या भागांना. बॉनेट, बंपर, ग्रिल, हेडलाइट, टेललाइट यांना नाही. तिथं प्रत्येकीचा स्वतःचा पत्रा आणि स्वतःची काच. ठोकर लागली की ज्या ब्रँडची गाडी त्याच ब्रँडच्या दारात उभं राहावं लागतं.

मग व्हर्टस कडक का वाटली? तुम्हाला भास झाला असं मी म्हणणार नाही. वाटली असेल. पण दोन डेमो गाड्यांच्या टायरमधली हवा तपासली होती का? यार्डातून आलेल्या गाड्यांत हवा ठासून भरलेली असते आणि शोरूममधली पोरं ती प्रत्येक वेळी उतरवतातच असं नाही. एका गाडीत ३६ पीएसआय आणि दुसरीत ३० असेल, तर एकाच गाडीच्या दोन गाड्या वाटतील. त्यात टायरची कंपनी वेगळी निघाली तर फरक आणखी वाढतो. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३२४ असेल तर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. डेमोची गाडी वर्ष-दीड वर्ष रोज दहा जणांनी चालवलेली असते, खड्ड्यात आपटलेली असते, अलाइनमेंट हललेली असते. अशा दोन गाड्यांवरून दोन ब्रँडचं सस्पेन्शन ठरवू नका.

दुसरं कारण डोळ्यांचं. व्हर्टस जीटीला पुढं लाल कॅलिपर, काळं छप्पर, सीटवर लाल शिवण, ॲल्युमिनियमचे पेडल, मागं जीटीचा बिल्ला. स्लाव्हियात क्रोमच्या रेषा, दोन दांड्यांचं स्टिअरिंग, हलक्या रंगांचं अंतरंग. बसल्या बसल्याच एक गाडी ‘पळव’ म्हणते आणि दुसरी ‘निवांत’ म्हणते, आणि मग हात-पायही तसेच वागतात. पण कॅलिपरवरचा तो लाल रंग आहे. त्याच्या आतलं काम स्लाव्हिया १.५ सारखंच आहे. मला स्वतःला जीटीचं रूप आवडतं, हे मोकळेपणानं सांगतो. रोज सकाळी दार उघडल्यावर गाडी बघून बरं वाटणं याला किंमत आहे, आणि तुम्ही दहा वर्षं ती बघणार आहात. फक्त ते रूप आहे हे ओळखून त्याचे पैसे द्या.

सुरक्षेतही डावं-उजवं नाही. एप्रिल २०२३ मध्ये गाड्या आदळून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत दोघींना मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी, दोन्हींत पाच तारे मिळाले.

आता पहिल्या प्रश्नाकडं, इंजिनाकडं. १.० टीएसआय हे ९९९ सीसीचं तीन सिलिंडरचं, ११५ पीएस ताकद आणि १७८ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे खेचण्याचा जोर. १.५ टीएसआय हे १४९८ सीसीचं चार सिलिंडरचं, १५० पीएस आणि २५० न्यूटन मीटर. कागदावर ३५ पीएसचा फरक बघून लोक बोलतात, पण तुमच्या रस्त्यांवर खरं काम त्या २५० न्यूटन मीटरचं आहे, कारण ते १६०० आरपीएमपासूनच हजर होतात.

हे कुठं कळतं? उसाच्या हंगामात कळतं. दिवाळीनंतर निपाणी-चिक्कोडी किंवा निपाणी-मुधोळ रस्त्याला लागा. पुढं ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, वर ऊस डोंगराएवढा, मागं दिवा नाही. तुम्ही त्याच्यामागं तिसऱ्या गिअरमध्ये पंचवीस-तीसनं चाललेले. समोरून थोडी मोकळी जागा दिसते. १.० मध्ये तुम्हाला दुसरा टाकावा लागतो, इंजिन वर खेचावं लागतं, टर्बोचा दम भरेपर्यंत क्षणभर थांबावं लागतं, आणि गाडीत पाच माणसं व एसी असेल तर तो क्षण लांबतो. १.५ तिसऱ्यातच पुढं निघते. अशा रस्त्यावर समोरच्या लेनमध्ये आपण जितका कमी वेळ असू तितकं चांगलं, म्हणून मी १.५ ला शौकाची गोष्ट मानत नाही. आंबोलीच्या चढालाही तेच. भरलेल्या गाडीत मुलीला उलटी होते ती बऱ्याचदा सारखं गिअर खालीवर केल्यानं. १.५ एका गिअरमध्ये वळणामागून वळण शांतपणे काढते.

तेलपाण्याची काळजी वाटत असेल तर १.५ मध्ये एक सोय आहे. भार कमी असला की चारांतली मधली दोन सिलिंडरं बंद पडतात, साधारण १४०० ते ४००० आरपीएमच्या पट्ट्यात. हत्तरगी ते संकेश्वर सपाट हायवेला ऐंशी-नव्वदनं चाललात की मीटरवर तशी खूण दिसते, पायाला मात्र काहीच कळत नाही. त्यामुळं लांबच्या प्रवासात १.५ आणि १.० यांच्या पेट्रोलमध्ये लोक समजतात तेवढं अंतर पडत नाही. गावात, आखूड फेऱ्यांत पडतं. घाट चढून गाडी बंद केल्यावर पुढचा पंखा काही वेळ फिरत राहिला तर घाबरू नका. गरम झालेला टर्बो आणि पाणी थंड करायचं त्याचं काम चालू असतं.

इथं एका गोष्टीची काळजी घ्या. व्हर्टसमध्ये २०२४ च्या ऑक्टोबरपासून ‘जीटी लाइन’ नावाचा प्रकार आहे. दिसायला काळा, रुबाबदार, नावात जीटी, पण बॉनेटखाली १.०. १.५ हवं असेल तर ‘जीटी प्लस’ म्हणावं लागतं. स्लाव्हियातही त्याच वर्षी आलेल्या मॉन्टे कार्लो आणि स्पोर्टलाइन या दोन्ही प्रकारांत इंजिनं दोन्ही आहेत. तेव्हा बुकिंगच्या पावतीवर इंजिनाची सीसी आणि गिअरबॉक्स लिहून घ्या. व्हेरियंटच्या नावावर आणि रंगावर विसंबू नका. बाहेरून स्पोर्टी आणि आतून साधी गाडी हौसेनं घेतली तर काही वाईट नाही. ती १.५ समजून घेतली तर मात्र दहा वर्षं मनाला लागेल.

दुसरा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचा. १.५ ला दोन गिअरबॉक्स आले, सहा गिअरचा हाताचा आणि सात गिअरचा डीएसजी. डीएसजीचं कारखान्यातलं नाव डीक्यू२००. त्यात दोन क्लच असतात, एकाकडं १-३-५-७ आणि दुसऱ्याकडं २-४-६. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार ठेवलेला असतो, म्हणून बदल इतका झटकन होतो. चालवायला या गाडीत त्याच्याइतकी मजा कशातच नाही, हेही खरं. पण हे दोन्ही क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत. हाताच्या गाडीत तुम्ही अर्धा क्लच धरून गाडी सरकवता तेव्हा जसा क्लच घासतो आणि तापतो, तेच काम इथं संगणक करतो. तुमच्या पायाला त्याचा पत्ता लागत नाही, एवढाच फरक.

जुलै-ऑगस्टमधला आंबोलीचा रविवार आठवा. धबधब्याच्या अलीकडं गाड्यांची रांग, सगळी चढावर, दर मिनिटाला दोन हात सरकायचं. कोरड्या क्लचला याच्याइतका जाच दुसरा नाही. असं अडकलात तर पुढच्या गाडीला थोडी लांब जाऊ द्या, पुरेशी जागा झाली की एकदम जा आणि परत ब्रेक पूर्ण दाबून थांबा. ब्रेक पूर्ण दाबला की क्लच सुटतो, अर्धवट सोडून सरकत राहिलात की घासतो. चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर ती आजच सोडा. त्यासाठी चढावर गाडी मागं न येऊ देणारा हिल होल्ड आहे, हँडब्रेक आहे. उतारावर हातानं निवडायच्या मोडमध्ये दुसरा-तिसरा धरून उतरा, नाहीतर आंबोली उतरून दाणोलीला पोचेपर्यंत ब्रेकचा वास येतो.

या गिअरबॉक्सचा इतिहासही माहीत असू द्या. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये फोक्सवॅगननं जगभरातून सात गिअरच्या डीएसजीच्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावून त्यातलं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरलं होतं. उष्ण आणि दमट हवेत त्या तेलामुळं विजेचा बिघाड होत होता. आजचा डीक्यू२०० त्या काळापेक्षा पुष्कळ सुधारलेला आहे. पण क्लच कोरडेच आहेत आणि आपली हवा उष्णही आहे, दमटही.

आणखी एक आकडा, जो विकणारा सहसा सांगत नाही. डीक्यू२०० ची बनावट २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी आहे. इंजिन देतं २५०. म्हणजे वर शिल्लक काही ठेवलेलं नाही. तरुण मुलं गाडी घेतात आणि सहा महिन्यांत कोल्हापूर किंवा पुण्याला जाऊन रीमॅप करून, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून येतात, ‘आता तीनशेच्या वर गेली’ म्हणून सांगतात. गेली असेल. पण त्या गिअरबॉक्सला ते कुणी विचारलेलं नाही. असं केलं की वॉरंटीही जाते, कारण कंपनीच्या स्कॅनरला बदललेलं सॉफ्टवेअर ओळखता येतं. तुम्ही दहा वर्षं म्हणताय, म्हणून हात जोडून सांगतो, याच्या नादी लागू नका.

तर तुमच्यासाठी निकाल काय? तीन-चार वर्षांत गाडी बदलणारा, बहुतेक हायवेला राहणारा माणूस असता तर मी डीएसजी घ्या म्हटलं असतं, विस्तारित वॉरंटी घेऊन. कोल्हापूरला आठवड्यातून दोनदा जाणं हे बहुतेक हायवेचंच काम आहे, तिथं डीएसजीला काही त्रास नाही. पण तुम्हाला दहा वर्षं ठेवायची आहे, आणि वॉरंटी संपल्यावर मेकॅट्रॉनिक (डीएसजीचे गिअर बदलणारा संगणकी भाग) किंवा क्लचच्या संचाचं बिल हे घरच्या बजेटला हादरा देणारं असतं. हाताच्या गिअरबॉक्सचा क्लच मी निपाणीच्याच एखाद्या चांगल्या मिस्त्रीकडून बदलून घ्या म्हणू शकतो. म्हणून १.५, सहा गिअरचा मॅन्युअल. स्लाव्हियात १.५ सुरुवातीपासून दोन्ही गिअरबॉक्समध्ये आली. व्हर्टसमध्ये आधी डीएसजी आणि २०२३ पासून जीटी प्लसमध्ये मॅन्युअल. आज तुमच्या हाताशी असलेल्या शोरूमपैकी ज्याच्याकडं १.५ मॅन्युअल खरंच मिळते आणि ठरलेल्या तारखेला मिळते, ती तुमची गाडी. बिल्ला कुठला का असेना. दोघांकडंही मिळत असेल तर मग रूप बघा, सवलत बघा.

आता वडिलांचा प्रश्न. व्हर्टस आणि स्लाव्हिया यांत त्यांच्यासाठी काडीचा फरक नाही. मागं एसीची झडप दोघींत आहे, पाय ठेवायला जागा भरपूर आहे, मधल्या माणसाला मात्र फरशीतला उंचवटा नडतो. खरा प्रश्न सेडानचा आहे. सीट खाली असते, आत शिरताना मान वाकवावी लागते, उतरताना गुडघ्यावर जोर येतो. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर ही खरेदी करण्याआधी टायगुन आणि कुशाक बघा. त्याच पायावरच्या, तेच १.५ इंजिन, रिकाम्या गाडीची जमिनीपासूनची उंची १८८ मिमी आणि सीट उंच, माणूस सरळ आत सरकतो. वळणात त्या सेडानइतक्या घट्ट राहत नाहीत, डिकीही लहान. पण वडील रोज बसणार असतील तर त्यांच्या गुडघ्याचं मत तुमच्या-माझ्या आवडीच्या आधी घ्यायला हवं.

खालच्या बाजूचं थोडक्यात. १७९ मिमी सेडानसाठी चांगली उंची आहे, पण पाच माणसं आणि डिकीत सामान बसलं की ती बरीच खाली येते. आपल्या गावागावांतले हंप कुठल्याही मापाचे नाहीत. भरल्या गाडीनं ते तिरके ओलांडा. गोव्याला चोर्ल्यातून, जांबोटी-कणकुंबीच्या वाटेनं जाणार असाल तर पावसाळ्यात आणि पावसानंतरचे दोन महिने रस्त्याची चौकशी करून निघा. ५५ च्या टायरची भिंत बुटकी असते, खड्ड्याचा काठ जोरात लागला की भिंतीला फुगा येतो आणि तो टायर बदलावाच लागतो. स्प्रिंग कापून किंवा बदलून गाडी खाली घ्यायचा विचार तर करूच नका. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. इकडच्या पावसात ते पाणी पितं आणि घाटात उतरताना पेडल मऊ पडतं.

दुसऱ्या घरच्या बहिणींबद्दलही लोक विचारतात, म्हणून जाता जाता. मारुती फ्रॉन्क्स टर्बो आणि टोयोटा टायसर टर्बो यांत १०० पीएसचं एकच १.० बूस्टरजेट टर्बो इंजिन आहे. तिथंही निवड वर्कशॉपची आणि वाट बघण्याच्या दिवसांची. ह्युंदाई आणि किया यांचं गणित थोडं वेगळं. १२० पीएसचं १.० टर्बो इंजिन व्हेन्यू आणि सोनेट दोघींत आहे, पण आय२० एन लाइनमध्ये ह्युंदाईनं सस्पेन्शन खरोखर कडक केलं आणि चारी चाकांना डिस्क दिले. कियाकडं तिची जुळी बहीण इथं नाही. म्हणजे बिल्ला सोडून खाली हात लागलाय की नाही, हे प्रत्येक जोडीत वेगळं तपासावं लागतं.

मामांच्या पत्त्याचा प्रश्न सीमाभागात प्रत्येक घरात निघतो आणि तो का निघतो हेही मला माहीत आहे. दहा ते वीस लाखांच्या गाडीला कर्नाटकात आजीवन कर सतरा टक्के आणि त्या करावर पुन्हा सेस. महाराष्ट्रात पेट्रोलच्या तशाच गाडीला बारा टक्के. सतरा लाखांच्या गाडीत हा फरक लाखाच्या वर जातो. लाख रुपये कुणालाही मोठेच. पण गाडी निपाणीत राहणार, निपाणीत चालणार. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४७ प्रमाणं दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथं ठेवली की इथला नंबर घ्यावा लागतो, एनओसी आणावी लागते आणि इथला कर भरावा लागतो. तिकडचा परतावा मागायला वेगळ्या खेपा. त्यात गाडी मामांच्या नावावर असेल तर कर्ज, विमा आणि उद्या विक्री, सगळीकडं मामांची सही. अपघाताचा दावा अडला तर नात्यातही कडवटपणा येतो. तुमचं घर निपाणीत आहे, तर चिक्कोडी आरटीओचा केए-२३ घ्या आणि तो खर्च पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये धरा. त्यासाठी एखादा वरचा व्हेरियंट सोडावा लागला तरी चालेल. थंड हवेची सीट आणि सनरूफ यांच्याशिवाय १.५ तेवढीच पळते.

शेवटी, पुन्हा एकदा चालवून बघा, पण या वेळी रीतसर. दोन्ही गाड्या एकाच दिवशी घ्या. निघण्याआधी पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर लिहिलेल्या आकड्याप्रमाणं दोघींची हवा सारखी करून घ्या. मागं वडील आणि आई बसू द्या, एसी चालू ठेवा. निपाणीतून तवंदी घाट चढा, स्तवनिधीपाशी वळून उतरा. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसवरून दाबून बघा. उतारावर त्याच गिअरमध्ये पाय काढून बघा. गावातल्या सगळ्यांत वाईट हंपावरून एकदा न्या आणि वडिलांना विचारा, तेव्हा तुम्ही काही बोलू नका. परत आल्यावर दोन्ही वर्कशॉपकडून पहिल्या चार सर्व्हिसचा अंदाजे खर्च, विस्तारित वॉरंटीचा दर आणि १.५ मॅन्युअलची डिलिव्हरीची तारीख लेखी मागा. जो काउंटर हे तिन्ही कागद त्याच दिवशी देईल, तिथं बुकिंग करा.